काळ्या पाषाणातील गाळाचे थर

नागपूर शहर दोन भूमींच्या शिवेवर वसलेले आहे. शहराच्या पूर्वेस जमिनीखाली अतिप्राचीन, स्फटिकमय, पट्ट्यापट्ट्यांचा खडक आढळतो. पश्चिमेस, हिंगण्याच्या बाजूस, काळा पाषाण सुरू होतो आणि तो जवळजवळ अखंड सह्याद्रीपर्यंत जाऊन पोहोचतो. पूर्वी बैलगाडीने जाणाऱ्यास ही शीव ओलांडावयास अर्धा दिवस लागे. आता सीताबर्डीहून हिंगणा रस्त्यावरील लोकमान्यनगरापर्यंत मेट्रोगाडी धावते आणि खिडकीतून पाहणाऱ्याच्या काही ध्यानात येण्यापूर्वीच तो एका युगातून दुसऱ्या युगात जाऊन पोहोचलेला असतो.

श्रोतेहो, आजचा विषय गाळापासून बनणाऱ्या खडकांचा आहे. हिंगण्याचा काळा पाषाण तर अग्नीपासून झालेला. पृथ्वीच्या भेगांतून वर आलेल्या तप्त शिलारसाचे ते गोठलेले पाट होत. मग गाळाचे खडक समजून घेण्यास हे गाव कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की, या अग्निजन्य खडकाच्या दोन पाटांच्या मध्ये कोठे कोठे गाळाचा एखादा पातळ थर सापडतो, आणि थर म्हणजे काय हे तो जितके शिकवितो तितके मोठमोठे वाळूचे पर्वतही शिकवीत नाहीत.

प्रथम गाळ कसा साचतो ते पाहू. श्रावणात वेणा नदीला पूर येतो तेव्हा तिच्या पाण्यात गोटे, रेती व चिखल ही सारी एकदमच वाहत असतात. वाहत्या पाण्याची ओझे वाहण्याची शक्ती त्याच्या वेगावर अवलंबून असते. वेग मंदावला की जड ते आधी खाली बसते: प्रथम गोटे, मग रेती, आणि पाणी जवळजवळ स्थिर झाल्यावर चिखल. हे घरीही करून पाहता येते. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत मूठभर नदीची रेती व मूठभर शेतातील माती घालावी, पाणी भरून ती जोराने हलवावी आणि फळीवर ठेवून द्यावी. रेती क्षणात तळाशी जाते, तिच्यावर बारीक मातीचा थर हळूहळू चढतो. माती वऱ्हाड-नागपूरकडील काळी कपाशीची असेल तर पाणी निवळावयास दुसरा दिवसही पुरणार नाही. घरातील मंडळींनी बरणी फेकून देऊ नये एवढीच काळजी घ्यावी. दुसऱ्या दिवशी त्याच बरणीत पुन्हा गढूळ पाणी हलकेच ओतले तर पहिल्या थरावर दुसरी जोडी बसते. प्रत्येक जोडी म्हणजे एक पूर.

असे थर शेकडोंनी साचले म्हणजे वरच्यांच्या भाराने खालच्यांतील पाणी पिळून निघते, कण एकमेकांस भिडतात, आणि भूजलात विरघळलेला चुना, लोह किंवा सिलिका त्यांच्या फटींत उतरून त्यांना सांधते. रेतीचा वालुकाश्म होतो, चिखलाचा पापुद्र्यांचा मऊ खडक होतो. कामठीच्या बाजूचा वालुकाश्म असाच झालेला असून सिलेवाड्याच्या खाणींतील थरांत सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या पानांचे ठसे मिळालेले आहेत. खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हा नियम स्टेनो नावाच्या डॅनिश पंडिताने १६६९ साली मांडला. आज तो इतका उघड वाटतो की तो कोणी मांडावा लागला याचेच नवल वाटते.

आता पुन्हा काळ्या पाषाणाकडे वळू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा शिलारस वाहिला. त्याचे आजचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. परंतु तो एका दमात वाहिला नाही. एक पाट येऊन गोठे. मग दीर्घ काळ शांतता असे. त्या काळात पृष्ठभाग झिजे, त्याची माती होई, खोलगट जागी पावसाचे पाणी साचून तळी होत. तळ्यांत शंख वाढत, काठावर झाडे उगवत, आणि तळाशी वर्षानुवर्षे बारीक गाळ उतरत राही. पुढे केव्हातरी नवा शिलारस येई आणि तळे, शंख, झाडे यांवर जळते आच्छादन पसरून पुढे जाई. त्या तळ्यांपैकी कित्येकांतील चिखलात सिलिका झिरपून त्याचा गारेसारखा कठीण दगड झाला आहे, आणि शंखांच्या जागी शंखाच्याच आकाराची गार उरली आहे.

हा पुरावा प्रथम नीट वाचला तो नागपुरातील दोन मिशनऱ्यांनी, स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी. शहराजवळील टाकळी येथे दोन पाटांमधील थरात त्यांना गोड्या पाण्यातील शंख, फळे, बिया, इतकेच नव्हे तर भुंग्यांच्या कठीण पंखांचे अवशेषही मिळाले. १८५५ साली लंडनच्या भूगर्भविषयक संस्थेच्या त्रैमासिकात त्यांचा नागपूर परिसरावरील निबंध प्रसिद्ध झाला. शंख गोड्या पाण्यातील आहेत, या एका गोष्टीवरून हा थर समुद्राच्या तळाशी झालेला नव्हे, तो जमिनीवरील तळ्याचा, हे सिद्ध झाले.

गोल दगड दिसला की तो जीवाश्म, असे मात्र समजू नये. वर्धा जिल्ह्यात गिरडच्या टेकडीवर जायफळासारखे वाटोळे दगड मिळतात. तेथील शेख फरीद यांनी एका व्यापाऱ्याचा माल दगड केला, अशी कथा सांगतात. ते दगड वस्तुतः खनिजांच्या गाठी होत. त्यांत जीवाचा अंश नाही. कथा मात्र मोठी गोड आहे, आणि दगडाच्या आकाराकडे लोकांनी बारकाईने पाहिले होते हे तीवरून दिसतेच.

येथे माझ्या मते या विषयातील खरी मौज आहे. डोंगराच्या कापलेल्या कडेवर शिलारसाचा पाट पुरुष-दोन पुरुष उंच दिसतो आणि त्याखाली गाळाचा थर जेमतेम वीतभर. पाहणाऱ्यास वाटते की, मोठा काळ त्या काळ्या भिंतीचा. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ती भिंत काही वर्षांत, फार तर काही दशकांत गोठली. वीतभर गाळास मात्र शेकडो, कदाचित हजारो वर्षे लागली. थराच्या जाडीवरून काळ मोजणारा हमखास फसतो. आत काय आहे, कण किती बारीक आहेत, जीव किती पिढ्या तेथे नांदले, हे पाहिल्यावाचून निर्णय करता येत नाही.

या थरांचे वय ठरविण्यावरून दीर्घ वाद झाला. हिस्लॉपने ते तृतीय युगाचे, म्हणजे प्रचंड सरटांच्या विनाशानंतरचे मानले. पुढे बिरबल साहनी यांचाही वनस्पतींच्या अवशेषांवरून कल तिकडेच होता. आता किरणोत्सर्गी मापनाने हा शिलारस त्या दोन युगांच्या सांध्यावरच वाहिला असे दिसते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे पाषाणाखालच्या गाळात सरटांची हाडे व त्यांची शिळारूप विष्ठा मिळते. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. सरटांच्या काळी गवत होते हे तोवर कोणी धरून चालत नसे.

हिस्लॉपचा अंत हिंगणा तालुक्यातच झाला. टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास तो गेला असता ४ सप्टेंबर १८६३ रोजी पुराने भरलेला ओढा ओलांडताना तो बुडाला.

टाकळी आज शहरात मिसळून गेली आहे आणि जेथे हिस्लॉपने शंख वेचले त्या भागावर वस्ती उभी आहे. हिंगण्याकडेही कारखाने व रस्ते पसरत आहेत. तरी जमीन अजून पुष्कळ ठिकाणी उघडी पडते: विहिरीत, दगडाच्या खाणीत, रस्त्याच्या कापात. विहीर खोदणारास काळी माती, मुरूम, सच्छिद्र मांजऱ्या दगड आणि कठीण काळा पाषाण हा क्रम पाठ असतो, कारण पाणी बहुधा मांजऱ्यात किंवा दोन पाटांच्या सांध्यावरच लागते. त्या सांध्यावर फिकट, बारीक पापुद्र्यांचा किंवा गारेसारखा दगड निघाला तर तो ढिगाऱ्यात टाकण्यापूर्वी त्याचा ताजा फोडलेला पृष्ठ उन्हात धरून पाहावा. शंख दिसल्यास दगडावर खूण करून तो किती हात खोलीवर निघाला आणि त्याच्या वर व खाली कोणता खडक होता, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. थरापासून सुटलेल्या शंखाचे स्थान नंतर कोणत्याही प्रयोगशाळेस निश्चितपणे सांगता येत नाही.