तळ्यात मासे किती सोडावेत?
लेखमाला : पाणी, माती, मासे (लेखांक ७)

ऑगस्टमध्ये बोटुकली घ्यायला गेलं की विकणारा पहिला प्रश्न विचारतो, "किती देऊ?" जव्हार-मोखाड्यातल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा आपलं शेततळं असतं. ते काठोकाठ भरलेलं असतं आणि सांडव्यावरून पाणी वाहत असतं. बोटुकली बोटाएवढी आणि पाणी उदंड, त्यामुळे "द्या पाचशे" असं सहज तोंडून निघतं. मार्च उजाडतो तेव्हा त्याच तळ्यात मासे सकाळी पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकू लागतात, आणि एखाद्या पहाटे मेलेले मासे तरंगताना दिसतात. दोष पाण्याला दिला जातो किंवा रोगाला. खरा दोष बहुतेक वेळा ऑगस्टमध्ये ठरवलेल्या आकड्यात असतो.

गेल्या लेखांकात आपण तळ्याची तयारी पाहिली : चुना, शेण आणि सांडव्याची जाळी. आज फक्त संख्येचा विचार करू. सगळ्या लेखाचं सार एका वाक्यात सांगता येतं. मासे श्रावणातल्या पाण्यावर मोजू नयेत. शेवटचा मासा ज्या महिन्यात काढायचा आहे, त्या महिन्यातल्या पाण्यावर मोजावेत.

पाऊस भरपूर, पाणी थोडं

जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ, म्हणून पडलेलं पाणी थांबत नाही. फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी तळ गाठतात. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच, कोचाळ्याजवळ उभं आहे. २०१४ साली ते पूर्ण झालं आणि त्याचं पाणी मुंबईला जातं. त्याच तालुक्यातले अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

अशा मुलखात शेततळं म्हणजे चार महिन्यांचं पाणी आठ महिने पुरवण्याची धडपड. त्यातलंच पाणी मोगऱ्याला जातं, भाजीला जातं, बायफ या संस्थेच्या वाडी कार्यक्रमातून लावलेल्या आंबा-काजूच्या कलमांना जातं. मासे या पाण्याचे आणखी एक वाटेकरी आहेत. ते पाणी पीत नाहीत हे खरं, पण त्यांना राहायला पाणी शिल्लक लागतं. किती मासे सोडायचे याचा हिशेब म्हणून पाण्याच्या वाटणीपासून सुरू होतो.

खोली तिसऱ्या हिश्शावर, पाणी पाचव्या हिश्शावर

एक तळं डोळ्यांसमोर धरू. वरचं तोंड २० मीटर बाय २० मीटर, खोली ३ मीटर. बाजू ढासळू नयेत म्हणून त्यांना उतार दिलेला असतो : एक मीटर खोलीला दीड मीटर. त्यामुळे तळाशी जागा उरते ११ बाय ११ मीटर. हे तळं पूर्ण भरलं की त्यात सुमारे ७४० घनमीटर, म्हणजे ७ लाख ४० हजार लिटर पाणी मावतं. पाण्याचा पृष्ठभाग ४०० चौरस मीटर, म्हणजे साधारण चार गुंठे.

आता पाणी उतरून एक मीटर उरलं असं समजा. मुरूम झिरपतो, मोगऱ्याला पाणी दिलं जातं आणि उन्हाळा लागला की दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. मार्चपर्यंत इतकी घट होणं या भागात नेहमीचं आहे. खोली तिसऱ्या हिश्शावर आली, म्हणून पाणीही एक तृतीयांश उरलं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात उतारामुळे तळं खाली निमुळतं होत गेलेलं असतं. आता पृष्ठभाग १४ बाय १४, म्हणजे १९६ चौरस मीटर, आणि पाणी सुमारे १५७ घनमीटर. पृष्ठभाग निम्म्यावर आला आणि पाणी जवळपास पाचव्या हिश्शावर.

याच काळात मासे उलट दिशेने गेलेले असतात. ऑगस्टमध्ये काही ग्रॅमची असलेली बोटुकली चांगल्या खाद्यावर मार्चपर्यंत चारशे ग्रॅमच्या आसपास जाते. पाणी पाचपट घटलं आणि प्रत्येक मासा कितीतरी पट वाढला. ऑगस्टमध्ये रिकामं वाटणारं तळं मार्चमध्ये दाटतं, ते यामुळे.

कसोटीची वेळ पहाटेची

तळं दाटलं आहे की नाही हे दुपारी कळत नाही. दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ आणि वनस्पती प्लवंग उन्हात प्राणवायू तयार करतात. सूर्य मावळला की ते काम थांबतं, पण श्वसन चालूच राहतं. मासे, शेवाळ, तळाशी कुजणारं शेण आणि उरलेलं खाद्य असे सगळेच रात्रभर पाण्यातला प्राणवायू वापरतात. त्यामुळे सूर्योदयाच्या जरा आधी तो सर्वांत कमी असतो. कार्प जातीच्या माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असेल तर चांगलं मानवतं. ३ च्या खाली गेला की ते त्रासात असतात. उन्हाळ्यात अडचण आणखी वाढते, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो, तर ३० अंशांना साडेसातच.

दुसरी मर्यादा अमोनियाची. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून तो तयार होतो. काही जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांचा वेग ठरलेला असतो. पाण्याचा सामू ७ वरून ८ झाला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. शेवाळ दाट असलेल्या तळ्यात दुपारी सामू वाढतोच. म्हणजे दाटलेल्या तळ्यात दुपारी अमोनियाचा ताण आणि पहाटे प्राणवायूची टंचाई, असा दोन्ही बाजूंनी मार बसतो.

हा नियम शेततळ्यापुरता नाही. मुंबई-पुण्याच्या घरांतून जिवंत वनस्पती लावलेल्या काचेच्या टाकीत डिस्कस पाळणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो. डिस्कस हा अॅमेझॉन खोऱ्यातला, थाळीसारखा चपटा, देखणा मासा. पूर्ण वाढला की तो १५ ते २० सेंटिमीटरचा होतो, आणि त्याला २८ ते ३० अंशांचं गरम पाणी लागतं. दुकानातून आणतो तेव्हा तो जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असतो, म्हणून चार फुटी टाकीत डझनभर सहज मावतील असं वाटतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ २५५ लिटर पाणी मावतं. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की २१० च्या आसपास उरतं. जाणकार एका मोठ्या डिस्कसला निदान ४० लिटर पाणी धरतात. हिशेब पाचावर येतो, फार तर सहावर. डिस्कस कळपाने राहणारा मासा असल्यामुळे पाचाहून कमी ठेवले तर बलवान मासा दुबळ्याला सतत छळतो. म्हणून उत्तर पाच किंवा सहा. रोज बरंच पाणी बदलणारे लोक मोकळ्या टाकीत याहून जास्त ठेवतात. वनस्पतींच्या टाकीत तसं करणं अवघड जातं. वनस्पती दिवसा माशांना मदत करतात, पण रात्री त्यांच्याच प्राणवायूत वाटेकरी होतात.

टाकी असो वा तळं, मोजायचा तो वाढलेला मासा, आणि मोजायचं ते सर्वांत वाईट घटकेचं पाणी. फरक इतकाच की टाकीवाल्याकडे नळ आणि विजेवर चालणारा पंप असतो, आणि पाड्यावरच्या शेतकऱ्याकडे दोन्ही नसतात. म्हणून त्याने हात अधिकच आखडता ठेवायला हवा.

आकडा काढू या

कटला, रोहू आणि मृगळ यांच्या मिश्र शेतीसाठी हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली सोडायची शिफारस असते. तिची खालची बाजू धरली तर गुंठ्याला सुमारे ५०, आणि आपल्या चार गुंठ्यांच्या तळ्याला २००. ही शिफारस वर्षभर पाणी टिकणाऱ्या तळ्यांसाठी आहे. मार्चमध्ये दोन गुंठेच पृष्ठभाग उरणार असेल, तर तोच हिशेब १०० वर येतो.

मग १०० च सोडायचे का? तळ्यावर लक्ष द्यायला कोणी नसेल तर हो, १०० च सोडावेत. लक्ष देणारं माणूस असेल, तर मला याहून चांगली वाट दिसते. नाचणीच्या दाट वाफ्यात आपण विरळणी करतो, तशी ती तळ्यातही करावी. १५० बोटुकली सोडावी. ती पन्नास मिलिमीटरहून मोठी आणि तरतरीत असेल तर पाचातले चार मासे जगतील असं धरता येतं, म्हणजे १२०. डिसेंबरपासून मोठे मासे काढायला सुरुवात करावी. दोन महिन्यांत ४५ मासे काढले की फेब्रुवारीत ७५ उरतात. ते चारशे ग्रॅमचे झाले तरी तळ्यात ३० किलो मासळी असेल, आणि एक मीटर पाण्याला तेवढा भार पेलवतो. पाचशे बोटुकली सोडून चारशे जगली असती, तर त्याच पाण्यावर दीडशे किलोहून जास्त वजन आलं असतं. पंपाशिवाय ते पाणी तेवढं ओझं उचलू शकत नाही.

दीडशेत प्रमाण असं ठेवावं : ६० कटला, ४५ रोहू, ४५ मृगळ. कटला वरच्या थरातले प्राणी प्लवंग खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळातलं कुजकं वेचतो. तिघांची ताटं वेगळी असल्यामुळे एकाच पाण्यात तिघे निभावतात. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या तळ्यात नैसर्गिक खाद्य कमी तयार होतं, सगळी भिस्त कोंडा-पेंडीवर राहते. तिथे संख्या आणखी कमी धरावी. तळं जानेवारीतच आटत असेल, तर थोडीच पण मोठी बोटुकली सोडावी आणि ख्रिसमसच्या सुमारास तळं रिकामं करावं.

वलगणीच्या पाण्याबरोबर तळ्यात मरळ शिरला असेल, तर कुठलाच आकडा खरा ठरणार नाही, कारण तो बोटुकली खातो. आधी जाळं ओढून त्याला काढावं. झटपट वाढतो म्हणून कोणी आफ्रिकन मांगूर देऊ केला तर घेऊ नये. त्याच्या संवर्धनावर बंदी आहे, आणि सांडव्यातून तो ओढ्यात गेला तर आपल्या नद्यांतले मूळचे मासे संपवील.

तळं स्वतः काय सांगतं

कागदावरचा आकडा ही सुरुवात असते. पुढे तळ्यालाच विचारावं लागतं. महिन्यातून एकदा फेकजाळं टाकून दहा मासे काढावेत, वजन करून परत सोडावेत. वजन वाढत नसेल तर मासे जास्त आहेत किंवा खाद्य कमी आहे. कडाक्याच्या थंडीत वाढ मंदावते, तेवढी सूट द्यावी.

दुसरी तपासणी हाताने होते. सकाळी उन्हात हात पाण्यात कोपरापर्यंत सरळ बुडवावा. कोपर बुडता बुडता तळवा दिसेनासा झाला, तर पाणी ठीक आहे. मनगट बुडताच तळवा नाहीसा झाला, तर शेवाळ फार दाट आहे. शेण आणि खाद्य दोन्ही थांबवावं.

तिसरी तपासणी पहाटेची. मासे तोंड वर काढत असतील तर त्या दिवशी खाद्य घालू नये, बादलीने पाणी उंचावरून ओतून खळबळवावं आणि त्याच दिवशी मोठे मासे काढावेत. मेलेल्या माशाची किंमत शून्य असते, काढलेल्या माशाची नसते.

कोण राहणार घरी?

या भागात आकडा ठरवताना एक प्रश्न पुस्तकात नसलेला विचारावा लागतो. भात-नाचणी घरात आली की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मग खाद्य कोण घालणार, पहाटे तळ्याकडे कोण पाहणार? घरात म्हातारी माणसंच राहणार असतील, तर शंभराहूनही कमी मासे सोडावेत, जे शेणखतावर तयार होणाऱ्या नैसर्गिक खाद्यावर जगतील. बचत गटाने चार-पाच तळी मिळून सांभाळली, तर दीडशेचा हिशेब जमतो.

हे सगळं मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. १९९२ साली याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. कुपोषणाचा प्रश्न इथून अजून गेलेला नाही. डिसेंबर ते मार्च या काळात आठवड्याला चार-पाच मासे घरच्या ताटात आले, तर मुलांना प्रथिनं मिळतात, आणि ती कुठल्या योजनेच्या गाडीची वाट न पाहता मिळतात. म्हणूनच विरळणीतला मासा आधी घरात शिजावा आणि मग बाजारात जावा असं मला वाटतं. पाचशे सोडून मार्चमध्ये सगळे गमावणाऱ्या घरापेक्षा दीडशे सोडून शंभरावर खाणारं आणि विकणारं घर कितीतरी सुखी असतं.

तेव्हा यंदा बोटुकली घ्यायला जाण्याआधी एक काम करावं. गेल्या मार्चमध्ये आपल्या तळ्यात पाणी कुठवर होतं, ते घरातल्या सगळ्यांना विचारून तिथे खुणेचा दगड ठेवावा. त्या खुणेजवळची लांबी-रुंदी पावलांनी मोजावी, तिथे किती गुंठे पृष्ठभाग उरतो ते काढावं आणि गुंठ्याला पन्नास धरावेत. विरळणी करणार असाल तर त्यात निम्मे आणखी मिळवावेत. "किती देऊ?" या प्रश्नाला तोच आकडा सांगावा.

पुढच्या लेखांकात : चांगली बोटुकली ओळखायची कशी, प्राणवायू भरलेल्या पिशवीतून ती घाटरस्त्याने जिवंत आणायची कशी, आणि १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात केलेल्या एका प्रयोगामुळे हे बीज आपल्यापर्यंत कसं पोहोचू लागलं.