दुकानातले विष धान्यापासून दूर ठेवा



भाताची लावणी झाली की फवारणीच्या औषधांची खरेदी सुरू होते. ‘औषध’ हा शब्दच फसवा. ते विष आहे, आणि दुकानात ते धान्याशेजारी ठेवू नये.

१९५८ साली केरळात गव्हाचे पीठ फॉलिडॉलच्या डब्यांबरोबर एकाच बोटीतून आले. डबे गळले आणि ते पीठ खाऊन शंभरावर माणसे दगावली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. त्याखालच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे ही औषधे स्वतंत्र खोलीत किंवा कुलुपाच्या कपाटात ठेवावी लागतात.

दुकानदार बांधवांनी गळका डबा, फुटकी बाटली व मुदत संपलेला माल लगेच वेगळा काढावा. सांडलेल्या औषधावर पाणी ओतू नये, ते गटारातून विहिरीकडे जाते. हातमोजे घालून कोरडी माती किंवा राख टाकावी, झाडून जाड पिशवीत बांधावी, वर ‘विष’ लिहावे. जाळू तर मुळीच नये, धूरही विषारीच.

रिकाम्या डब्याचा मोह मात्र घरोघरी! २०१३ साली बिहारमधील गंडामन गावच्या शाळेत जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. २३ मुले गेली. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले होते, असे तपासात पुढे आले.

डबा तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग डब्याला भोके पाडा. आणि बाजारातून येताना औषधाची बाटली तांदळाच्या पिशवीत टाकू नका.