रेडिएटरवाला विरुद्ध वायरिंगवाला

लष्कराच्या लिलावातला ट्रक स्वस्तात पडतो आणि दणकट असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो गावात आल्यावर पहिल्या महिन्यात काय घडते, हे फक्त गॅरेजवाल्यांना ठाऊक असते आणि ते गिऱ्हाइकासमोर बोलत नाहीत. जालन्यात तर पोलादाच्या भट्ट्या हाकेच्या अंतरावर. ट्रक दुसऱ्यांदा बंद पडला, की भंगारवाल्याचा माणूस ‘सहज’ चहाला येऊन बसतो.

सुरुवात रंगापासून. मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना, म्हणून नवा मालक आधी रंगारी गाठतो. जबलपूरहून निघालेल्या एका जुन्या शक्तिमानला असा झकास नारिंगी रंग चढला, की लोक थांबून बघत. रंगाऱ्याने हौसेने करंटला परतीची वाट देणारे अर्थचे बोल्ट खोलून त्यांखालचा पत्राही रंगवला आणि उरलेला रंग रेडिएटरच्या जाळीवर मारला. दिवे मिणमिणले, स्टार्टर नुसता ‘टक’ करू लागला, माल भरताच पाणी उकळले. वायरिंगवाल्याने बॅटऱ्या बदलायला सांगितल्या, रेडिएटरवाल्याने रेडिएटर. काम भागले पॉलिश पेपर आणि थिनरवर. रंगाऱ्याचे पैसे मात्र आधीच चुकते झाले होते.

दुसरी गाडी फक्त रात्री गरम व्हायची. रेडिएटरवाल्याने ती पुन्हा पुन्हा खोलली आणि दर वेळी वेगळे निदान केले. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बोनेटला हातही न लावता, इंजिन थंडगार असताना, स्विच देऊन हेडलाइट लावले. तापमानाचा काटा टुणकन वर! मीटरच्या पॅनेलची अर्थ सैल होती. दिव्यांचा करंट परतीची वाट शोधताना काट्याला ढोसत होता. म्हणजे आजारी काटा होता आणि ऑपरेशन इंजिनाचे चालले होते.

वायरिंगवाल्यांनी यावर फार हसू नये. हेडलाइट लागत नाहीत म्हणून त्यांच्यातल्या एकाने एका ट्रकची सगळी वायरिंग उपसून नवी घातली. दिवे तरी पेटेनात. लष्करी गाडीत ब्लॅकआउटची सोय असते. शत्रूच्या विमानाला उजेड दिसू नये म्हणून. स्विच त्याच खुणेवर होता. युद्ध कधीच संपले होते, हे ट्रकला कोणी सांगितलेच नव्हते. मालकाला ते बिलावरून कळले.

बॅटरीची गोष्ट वेगळीच. लष्करी ट्रक बहुधा 24 व्होल्टचा, म्हणजे 12-12 च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. ट्रॅक्टर-जीपवर हात बसलेली पोरे टेपसाठी त्यांतल्या एकीवरूनच 12 व्होल्ट काढतात. मग तीच उतरत जाते, आणि दुसरी जादा चार्ज होऊन पाणी पीत राहते. असा एक मालक दोन्ही बॅटऱ्या बदलत राहिला, दुकानदाराशी भांडत राहिला. भांडण चालू असताना केबिनमध्ये भजन अखंड चालू होते.

2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्याचे रस्ते टँकरांनी भरले होते. मे महिन्यात 42 अंशांत लष्करी ट्रकचाच केलेला एक टँकर रस्त्याकडेला वाफा सोडत उभा, मागे टाकी काठोकाठ पाण्याने भरलेली. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी ओतून नळ्यांत क्षाराचा थर बसला होता. त्यावर उपाय म्हणून कोणी थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. बायपास असलेल्या इंजिनात तो काढला, की गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटर टाळून परत इंजिनात फिरतो. उपायानेच ताप वाढवला.

शेवटचा किस्सा दोघांच्याही नावावर. चार्जिंग होत नाही आणि गाडीही तापते, म्हणून दोन्ही उस्ताद एकाच वेळी बोलावले गेले. दुपारभर एकमेकांच्या धंद्याचा उद्धार झाला. अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरत होते आणि पट्टा सैल होता. तो पान्याने ताणला हेल्परने. पैसे दोघांनी घेतले.

तेव्हा लष्करी ट्रक घ्यायचाच असेल, तर आधी पट्टा, अर्थ आणि स्विच तपासा, मग उस्ताद बोलवा. भंगारवाल्याला चहा पाजा, पण वजनकाट्याचा पत्ता विचारू नका. यातल्या एकाही ट्रकचे इंजिन खराब नव्हते.