अर्ध्या दिवसाचा आकार

"काकू, मूल अर्धाच दिवस राहणार, मग पैसेही निम्मेच ना?" हा प्रश्न नेरूळमधल्या माझ्या घराच्या उंबरठ्यावर मला इतक्या वेळा आणि इतक्या निर्मळ मनाने विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर आधी स्वतःला आणि मग विचारणारीला देता यावे म्हणून एका एप्रिलमध्ये, परीक्षा संपून मुले गावोगावी पांगली असताना, मी पाळणाघराच्या जमाखर्चाची वही उघडून बसले.

सिडकोने 1970 पासून वसवत आणलेल्या या शहरात घरे मिळाली ती बहुधा लहान. 1992 साली लोकल वाशीपर्यंत आली आणि घरातल्या दोघांनाही मुंबईत नोकरीला जाणे सुकर झाले, पण आजी-आजोबा मात्र साताऱ्याला नाहीतर कोकणात राहिले. 2017 च्या कायद्याने प्रसूतिरजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले, हे फार चांगले झाले. तथापि महापेच्या एखाद्या लहान कचेरीत दहा-बारा माणसांत बसून काम करणाऱ्या आईपर्यंत ती सोय पोहोचत नाही आणि तिला शेजारच्या इमारतीतली काकूच गाठावी लागते. त्या काकूच्या कामाचा सरकारी निरख कोठे लावलेला नसतो. तो तिने स्वतःच ठरवायचा असतो.

माझ्याकडे जागा सहाच, कारण त्याहून अधिक मुलांकडे लक्ष पुरत नाही, असा माझा अनुभव आहे. पूर्ण दिवसाचे दरमहा 6,500 धरले तर जमा 39,000; त्यातून मदतनीस बाईंचे 9,000, दूध, धान्य, फळे व गॅसचे 6,500, वीज, साबण, फिनेल आणि धुण्याचे 3,000, चटया-खेळण्यांच्या झिजेचे 1,000 वजा जाता हाती 19,500 उरतात. सकाळी आठ ते सायंकाळी सात असे 26 दिवसांचे 286 तास होतात, म्हणजे सहा मुलांमागे मिळून तासाला साधारण 68 रुपये. आता यातली दोन मुले निम्म्या दराने अर्धा दिवस ठेवली, तर दुधाची किरकोळ बचत सोडून खर्च तसाच राहतो, माझे तासही तेवढेच राहतात, आणि शिल्लक मात्र 13,000 वर येते. दिवस कमी झाला तो मुलाचा; माझा नव्हे.

परंतु आकड्यांहून अधिक मला पटले ते डोळ्यांनी पाहिलेले. दुपारी साडेबाराला बालवाडीतून येणारा चार वर्षांचा मुलगा दारातच एक मोजा काढतो आणि दुसरा पायात ठेवून रडू लागतो. त्याला भूक लागली आहे हे त्याला कळत नसते, मला कळलेले असते. हातपाय धुऊन, वरण-भात मऊ कालवून, तूप घालून पहिले चार घास भरवले की तो स्वतःच्या हाताने जेवतो. मग झोप. पाठीवर थोपटणारा हात जरा लवकर उचलला तरी त्याचे डोळे पुन्हा उघडतात, म्हणून श्वास खोल होऊन मूठ सैल पडेपर्यंत तो हलवायचा नसतो. चारला उठल्यावर त्याला दहा मिनिटे मांडीच हवी असते. साडेबारा ते साडेपाच या पाच तासांत भरवणे, निजवणे, उठवणे ही सगळी कष्टाची कामे येतात. दिवसभर राहणारे मूल सकाळी तासन् तास ठोकळ्यांत रमलेले असते, ते या हिशेबात कोणी धरत नाही. सबब दुपारचा आकार मी 4,500 ठरवला.

सकाळचा 3,500, कारण दुपारच्या शाळेचे मूल जेवून, गणवेश घालून बाराच्या बसला जाते, आणि मग त्याच जागेवर दुपारचे मूल घेता येते. अशी जोडी जमली की दोन्ही घरांना मी 500 ची सूट देते. एक दिवसाआड येणारे मूल मात्र मी घेत नाही. ते दर खेपेला नव्याने रुजते आणि नव्याने रडते, आणि त्या रडण्याचा दर मला आजवर लावता आलेला नाही.

उशिराचा आकार अर्ध्या तासाला 50. त्याला अपवाद पावसाचा. जुलैतल्या एका रात्री कुर्ल्याकडे रुळांवर पाणी साचून हार्बरच्या गाड्या बंद पडल्या आणि एक आई पावणेदहाला पोहोचली, साडीचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. लेक माझ्या खांद्यावर झोपली होती. तिला घेण्याआधी त्या बाईंनी दारातच पर्स उघडली, म्हणाल्या, "काकू, सहा अर्धे तास झाले." त्या मोजत आल्या होत्या. मी पैसे घेतले नाहीत आणि त्या दारातच रडल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र ध्यानात आले, की त्या रात्री नऊपर्यंत माझ्याबरोबर थांबलेल्या मदतनीस बाईंनाही घरी दोन मुले होती, आणि मी दाखवलेल्या औदार्यात त्यांचे दोन तास फुकट गेले होते. तेव्हापासून वहीत त्यांच्या जादा वेळाचे खाते निराळे आहे. पावसाच्या दिवसांचे पैसे त्यांना माझ्या शिल्लकेतून जातात, आणि जून उजाडायच्या आतच त्यासाठी 1,000 बाजूला काढून ठेवलेले असतात.