चार जानेवारीचा किताब

जपानमध्ये नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस घरच्यांचे आणि देवळांचे. चार तारखेला कचेऱ्या उघडतात आणि त्याच दिवशी टोकियो डोममध्ये ‘न्यू जपान प्रो-रेसलिंग’ ही कंपनी आपला वर्षातला सर्वांत मोठा फड भरवते. १९९२ पासून हा शिरस्ता मोडलेला नाही. २००७ पासून कार्यक्रमाचं नाव ‘रेसल किंगडम’ असं झालं, तरी जुने चाहते अजून नुसती तारीखच सांगतात.

या कुस्त्यांचे निकाल आधी ठरलेले असतात, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. कोल्हापूरच्या तांबड्या मातीत वाढलेला माणूस हिला नुरा कुस्ती म्हणून मोकळा होईल, आणि व्यवहारात तो चुकणार नाही. मग अशा कुस्तीतला किताब कुणाला खरा वाटतोच कसा? गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या चार जानेवारींकडे पाहिलं, तर कंपनीलाही याचं उत्तर बराच काळ सापडलेलं नव्हतं असं दिसतं.

कंपनी काढली अंतोनियो इनोकीने, १९७२ साली. आपली कुस्ती सगळ्या लढाऊ कलांच्या वरचढ आहे, हे जगाला दाखवायचं वेड त्याच्या डोक्यात होतं. त्यापायी तो १९७६ च्या जूनमध्ये मुहम्मद अलीसमोर उभा राहिला. पंधरा फेऱ्या बहुतेक वेळ पाठीवर पडून लाथा झाडण्यात गेल्या आणि सामना बरोबरीत सुटला. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीत गामा पहिलवानाच्या घराण्यातल्या अक्रमशी त्याची गाठ पडली. तिथे काहीच ठरल्याप्रमाणे झालं नाही आणि अक्रमचा हात निकामी झाला. कंपनीचा मुख्य किताब, ‘आयडब्ल्यूजीपी’ हेवीवेट, १९८७ मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिला मानकरी अर्थात इनोकीच.

नव्वदचं दशक भरभराटीचं. मुतो, चोनो आणि हाशिमोतो हे तिघे एकाच पिढीतले आणि तिघेही आपापल्या परीने अव्वल. ऑक्टोबर १९९५ मध्ये याच डोममध्ये मुतोने प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताकादाला पायाचा पेच टाकून शरण आणलं, तेव्हा आयोजकांनी प्रेक्षकसंख्या ६७ हजार जाहीर केली होती. पुढच्या चार जानेवारीला ताकादाने परतफेड करून किताब नेला. हिशेब सरळ होता आणि लोकांना तो कळत होता.

घोळ झाला १९९९ च्या चार जानेवारीला. ज्युदोतला ऑलिंपिक रौप्यविजेता नाओया ओगावा, इनोकीचा चेला, शिन्या हाशिमोतोवर अक्षरशः तुटून पडला. ठरलेलं बाजूला राहिलं, खाली पडलेल्या हाशिमोतोच्या डोक्यात लाथा बसल्या, सामना अनिर्णित जाहीर झाला आणि रिंगणात दोन्हीकडच्या माणसांची झोंबाझोंबी जुंपली. या प्रसंगावर आजही वाद घालणारे आहेत. माझ्या मते त्या रात्री काय शिजलं होतं, यापेक्षा त्यातून कंपनीने काय धडा घेतला ते जास्त महाग पडलं. प्रेक्षकाला ‘खरं’ काहीतरी हवंय, असा तो धडा. मिश्र मार्शल आर्ट्सची लाट जपानमध्ये जोरात होती. कंपनीचे मल्ल त्या पिंजऱ्यांत आणि रिंगणांत धाडले जाऊ लागले. युजी नागाता २००१ च्या ३१ डिसेंबरला मिर्को क्रोकॉपपुढे २१ सेकंद टिकला. मधल्या काळात त्याने आयडब्ल्यूजीपीचा पट्टा दहा वेळा राखून विक्रम केला, पण २००३ च्या अखेरीस फ्योदोर एमेल्यानेन्कोने त्याला मिनिटभरात गारद केलं. विक्रमवीर मल्लाची ही गत टीव्हीवर पाहिल्यावर पट्ट्याची काय किंमत उरणार? मुतो २००२ मध्येच कंपनी सोडून गेला होता. डोम ओस पडू लागला. २००५ मध्ये इनोकीने आपले समभाग ‘युक्स’ या व्हिडिओगेम कंपनीला विकले.

अशा पडत्या काळात हिरोशी तानाहाशी पुढे आला. पिळदार अंग, रंगवलेले लांब केस, हातात नसलेली गिटार वाजवण्याची लकब, आणि स्वतःला शतकात एकदाच जन्मणारा गुणवंत म्हणवून घेण्याची हौस. इनोकीच्या कडव्या चाहत्यांना तो अजिबात पसंत नव्हता आणि त्याची हुर्यो उडवली जाई. तो बधला नाही. गावोगाव फिरला, सह्या दिल्या, स्थानिक रेडिओवर बोलला. पिंजऱ्यात जाऊन मर्दुमकी सिद्ध करण्याच्या फंदात पडला नाही. २००९ च्या चार जानेवारीला त्याने मुतोकडून किताब घेतला. २०१२ च्या चार जानेवारीला मिनोरू सुझुकीला हरवून तो अकराव्यांदा राखला आणि नागाताचा विक्रम मोडला.

त्याच रात्री केस सोनेरी केलेला एक पोरगा रिंगणात आला आणि त्याने तानाहाशीला आव्हान दिलं. अमेरिकेतून नुकत्याच परतलेल्या काझुचिका ओकादाला लोक हसले. सहा आठवड्यांनी, ओसाकात, चोविसाव्या वर्षी त्याने किताब जिंकला. पुढची चार वर्षं ही या कंपनीची सर्वांत चांगली कामगिरी, असं मी बेधडक म्हणेन. २०१३ च्या चार जानेवारीला तानाहाशीने ओकादाला हरवलं. २०१५ मध्ये पुन्हा हरवलं. ओकादा रिंगणापासूनच्या लांबलचक वाटेवरून रडत परत गेला. २०१६ मध्ये ओकादाने तानाहाशीचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. मार खाल्ला, पडला, तरी पकड तशीच. मग त्याच मनगटाने ओढून गळ्यावर आडवा हात हाणला आणि खांदे टेकवले. ज्याने मधली वर्षं पाहिली नाहीत, त्याला त्या मनगटात काही दिसणार नाही. पुढच्या वर्षी ओकादा आणि केनी ओमेगा यांची पाऊण तासाची लढत झाली, अमेरिकी समीक्षक डेव्ह मेल्ट्झरने पाचांपैकी सहा तारे दिले आणि जगभर गवगवा झाला. लढत थक्क करणारी होतीच. मला मात्र २०१६ चीच थोर वाटते.

तेत्सुया नाइतोची कथा याहून कडू. २०१४ मध्ये किताबाची लढत त्याची होती, पण कोणती लढत शेवटी ठेवायची यासाठी चाहत्यांचं मत घेतलं गेलं आणि लोकांनी त्याची लढत खाली ढकलली. पुढे तो मेक्सिकोतून बेफिकीर, बेदरकार होऊन परतला. पट्टा हवेत भिरकावू लागला, आणि त्याला नाकारणारे तेच लोक त्याच्या नावाने गर्जू लागले. २०१८ च्या डोममध्ये तो ओकादाकडून हरला. २०२० मध्ये जिंकला, तर विजयाची आरोळी देण्याआधीच केंटा या मल्लाने मागून येऊन त्याला आडवा केला. डोममधली ती आरोळी पूर्ण व्हायला २०२४ उजाडलं. दहा वर्षं! आपल्याकडच्या मालिकांनाही इतका धीर धरवत नाही.

मधल्या करोनाकाळात ओरडायला बंदी होती, नुसत्या टाळ्या. २०२१ च्या पहिल्या रात्री डोममध्ये जेमतेम साडेबारा हजार माणसं होती.

२०२४ च्या सुरुवातीला ओकादा अमेरिकेतल्या ‘एईडब्ल्यू’त गेला. त्याआधी महिनाभर, डिसेंबर २०२३ मध्ये, तानाहाशी कंपनीचा अध्यक्ष झाला होता. अध्यक्षाची शेवटची कुस्ती २०२६ च्या चार जानेवारीला ठरली आणि समोर पाहुणा म्हणून ओकादालाच बोलावलं गेलं. गुडघे पार झिजलेले होते. पट्टा पणाला नव्हता. जाणाऱ्याने हरून जायचं, हा या धंद्यातला जुना दंडक. ओकादाने अध्यक्षांनाही त्यातून सूट दिली नाही.