चावडीच्या दगडावर आकडा आहे, नावे नाहीत

सातारा जिल्ह्यातल्या आणि घाटाखाली कोकणातल्या कित्येक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानसा संगमरवरी दगड बसवलेला आढळतो. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यावरचा मजकूर. लढाई थांबली १९१८ च्या नोव्हेंबरात, पण तहावर सह्या झाल्या १९१९ मध्ये, म्हणून दगडावर ते साल. मजकूर पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत. ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांनाच तो वाचता येत नव्हता.

आपल्याकडे याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सातारा तालुक्यातील अपशिंगे. या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. सरकारने गावात स्मारक उभारले आणि पुढे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला. तिथे स्मारकाची निगा राखली जाते. पण ज्या गावातून पाच-सात माणसं गेली आणि दोन परत आली नाहीत, तिथला दगड बिचारा चुन्याखाली नाहीतर सूचनाफलकाच्या मागे गेलेला असतो. जुनी चावडी पाडून नवे कार्यालय बांधताना तो राडारोड्यात जाण्याची भीती सगळ्यांत जास्त.

ही माणसं गेली कुठे? मराठा पलटणींतले पुष्कळ जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या. तुर्की फौजेने ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा या गावी त्यांना कोंडले. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला काढली. ते मांस खाणे धर्माला धरून नाही म्हणून अनेक हिंदी शिपायांनी नाकारले. उपासमारीने आणि रक्तपितीने माणसं खंगली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी तेरा हजारांच्या आसपास लोक शरण गेले आणि कैदेच्या वाटेवर उन्हातान्हात त्यांतले हजारो मेले. शिपायाचा मूळ पगार तेव्हा महिना अकरा रुपये होता.

यांचे मोठे स्मारक बसऱ्याला १९२९ मध्ये झाले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली. हिंदी फौजेतील मात्र फक्त अधिकाऱ्यांची. साध्या शिपायांची नुसती संख्या दिली. म्हणजे तिकडे बसऱ्याला आकडा आणि इकडे गावातही आकडाच. ही वागणूक भेदभावाची होती हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली अहवाल काढून मान्य केले व माफी मागितली. माफी ठीक आहे, पण गावाच्या हाती त्याहून उपयोगाची एक गोष्ट आली आहे. आयोगाची नोंदवही आता संगणकावर कोणालाही फुकट पाहता येते. बऱ्याच नोंदींत शिपायाचे नाव, पलटण, मृत्यूची तारीख, बापाचे नाव आणि गाव-जिल्हाही आहे. गावाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन-चार तऱ्हेने टाकून पाहावे लागते. साहेबाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले!

घरातही पुरावा असतो. त्या युद्धातले चांदीचे गोल पदक कोणाच्या ट्रंकेत असेल तर त्याची कड उजेडात धरून पाहावी. कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अशी किती पदके सोनाराच्या मुशीत गेली त्याची गणती नाही. चांदीचे पैसे किती येणार? पण त्या कडेवरची ओळ एकदा वितळली की संपलीच.

यादी करताना फक्त पाटलाच्या आळीत विचारून भागणार नाही. १११ वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. त्यात गेलेलेही याच दगडावरच्या आकड्यात असू शकतात. खेचरं हाकणारे, डोलीवाले, स्वयंपाकी हेही फौजेबरोबर गेले होते. तेव्हा प्रत्येक वाडी-वस्तीवर जाऊन थोरल्या माणसांना विचारावे.

‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत २०२३ साली ग्रामपंचायतींनी नवे शिलाफलक बसवले. चांगलेच झाले. पण नव्यासाठी जागा शोधणाऱ्यांनी जुन्याचीही चौकशी करायला हवी होती, असे आम्हाला वाटते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक विषय घ्यावा. दगड कुठे आहे त्याचा फोटो काढून स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत नोंद करावी. इमारत पाडायची असेल तर आधी दगड पंचांसमक्ष काढून घ्यावा. मिळालेली नावे शेजारी वेगळ्या पाटीवर लिहावीत, जुन्या दगडावर कोरू नयेत. माजी सैनिकांच्या माहितीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच.

धुण्याबाबत एक सांगणे. संगमरवराला फरशी धुण्याचे ॲसिड कदापि लावू नये. दगड खाल्ला जातो आणि अक्षरे पुसट होतात. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ऑइलपेंटही नको.

हेच वीरगळांना लागू. वाई तालुक्यातील किकलीला भैरवनाथाच्या आवारात वीरगळ चांगले पाहायला मिळतात. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा. बहुतेकांवर अक्षर नसते. गाईगुरं राखताना मेलेला हा कोणाचा पूर्वज, ते आता कळायला मार्ग नाही. महायुद्धातल्या शिपायांचे मात्र तसे नाही, शंभर वर्षे झाली तरी कागद शाबूत आहे.

दुसऱ्या महायुद्धातले रायगडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीतल्या मोंतोने गावानेही २०२३ मध्ये त्यांच्या नावाने छायाघड्याळाचे स्मारक उभारले. इटलीतल्या लोकांनी माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या माणसाचे नाव नीट शोधून दगडावर घातले, आणि आपल्या चावडीवर अजून आकडाच आहे.