माल कंपनीचा, जोखीम दारोदार फिरणाऱ्याची

लेखमाला ‘घामाचा भाव’ : लेखांक ७

मागच्या लेखांकात विड्या वळणाऱ्या बायकांच्या मजुरीचा हिशेब पाहिला. तिथे तास मोजत नाहीत, हजार विड्यांमागे पैसे मिळतात; तरी त्या हजारी दराला सरकारने ठरवलेला किमान आकडा आहे. तो पाळला जातो का, हा वेगळा प्रश्न, पण निदान भांडायला आकडा तरी आहे. या आठवड्यात ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्या हाती तोही नाही. लोकलच्या डब्यात, बसथांब्यावर, कॉलेजजवळच्या विजेच्या खांबांवर ‘पार्ट टाइम, फुल टाइम, दहावी पास-नापास, अनुभवाची गरज नाही’ असे कागद चिकटवलेले असतात. फोन करून गेल्यावर ‘मार्केटिंग’ म्हणून जे काम गळ्यात पडते ते बरेचदा दारोदार विक्रीचे निघते. वॉटर प्युरिफायर, गॅस शेगडीची सुरक्षा उपकरणे, डिस्काउंट कूपनांच्या वह्या, वस्तू कोणतीही असो, अट एकच असते: विकले तर कमिशन, नाही तर शून्य. हा केवळ मोबदला मोजण्याचा एक प्रकार आहे, असे सहसा समजले जाते. माझ्या मते धंद्याची जोखीम मालकाच्या वहीतून उचलून विक्रेत्याच्या खिशात टाकण्याची ही सोय आहे, आणि ती करताना हुकूम सोडण्याचा अधिकार मात्र मालक स्वतःकडेच ठेवतो. आक्षेप आहे तो या दोन गोष्टी एकत्र असण्याला.

दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी नऊची मीटिंग, उशीर झाला तर दार बंद. टाळ्या, घोषणा, काल सर्वांत जास्त ‘सेल’ करणाऱ्याचा सत्कार, मग टीम लीडर एरिया वाटून देतो. किंमत कंपनीने ठरवलेली, दारात म्हणायची वाक्ये पाठ करून घेतलेली, शर्ट इन केलेला हवा. दिवसभर सोसायट्या, वॉचमन, ‘सेल्समनना प्रवेश नाही’च्या पाट्या, पाचव्या मजल्यावरचे बंद दार, बाईमाणूस असेल तर स्वच्छतागृहाची पंचाईत वेगळी. संध्याकाळी पुन्हा ऑफिसात येऊन हिशेब. आता उदाहरणापुरते आकडे धरू. वस्तू २,००० रुपयांची, कमिशन १५ टक्के, म्हणजे एका विक्रीमागे ३०० रुपये. साठ दारे वाजवून सरासरी रोज एक वस्तू खपली, तर २६ दिवसांचे ७,८०० होतात. पेट्रोल, फोन, चहा-वडापाव यांचे रोजचे शंभर वजा केले की उरतात ५,२००. त्यातून डेमो किटची अनामत कापली जाते, आणि ग्राहकाने चार दिवसांनी माल परत केला तर त्याचे कमिशनही. दुपारी स्कूटर घसरली तर दवाखान्याचे बिल ज्याचे त्याने भरायचे. पेट्रोल, नमुना, परतावा, अपघात या सगळ्या बाबी कोणत्याही दुकानदाराच्या खर्चाच्या वहीत असतात. इथे त्या वहीचे पानच फाडून टाकले आहे.

या हिशेबाचा परिणाम एका माणसापुरता राहत नाही. विक्रेता फुकट मिळत असेल तर किती ठेवायचे याला मर्यादा उरत नाही. पगार द्यावा लागणारा मालक एका वस्तीत एकच माणूस पाठवील, कारण दुसऱ्याचा पगार निघाला पाहिजे. कमिशनवाला मालक तिथेच तिघांना पाठवू शकतो, कारण न खपलेल्या दिवसाचा त्याला तोटा नाही. तिसऱ्या दिवशी तिसरा माणूस तीच बेल वाजवतो तेव्हा दार उघडणाऱ्याचा राग त्याच्यावर निघतो आणि त्याची विक्रीची शक्यता आणखी खाली जाते. दुसरे असे, की नवा मुलगा पहिल्या पंधरवड्यात मावशी, काका, शेजारी, जुने सर अशांना माल विकतो. ही माणसे वस्तूची गरज म्हणून घेत नाहीत, पोराची भीड म्हणून घेतात. ती यादी संपली की विक्री थांबते आणि मुलगा काम सोडतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, माणसे टिकत नाहीत म्हणजे कंपनी नीट चालत नसावी. प्रत्यक्षात प्रत्येक नव्या भरतीबरोबर एक नवे नातेगोते बाजारात येते, आणि खांबावरचा कागद पुन्हा चिकटवला जातो.

ग्राहकही यातून सुटत नाही. प्युरिफायरचा एक डेमो अनेकांनी पाहिला असेल. दोन ग्लास, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात मशीनचे. धातूच्या कांड्या असलेले छोटे यंत्र दोन्हींत बुडवून प्लग लावला की मिनिटभरात नळाचे पाणी तपकिरी आणि गढूळ होते, मशीनचे जवळजवळ तसेच राहते. घरातली माणसे दचकतात. तो गाळ पाण्यात नव्हताच. वीज वाहताना लोखंडाची कांडी झिजते, तिचाच तो गंज. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते. आरओच्या पाण्यात ते फारसे नसतात म्हणून नीट वाहत नाही. पिण्याला उत्तम असलेले विहिरीचे पाणीही या परीक्षेत नापास होईल. डेमो करणाऱ्या पोराला हे बहुधा ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी त्या दिवसाचे जेवण एका सहीवर अवलंबून असताना खरे बोलणे त्याला परवडत नाही. पगारी माणसेही फसवतात, हे मान्य. टार्गेटखाली दबलेल्या बँक कर्मचाऱ्यांनी ठेवी मोडायला लावून गळ्यात घातलेल्या विमा पॉलिसी पुष्कळांच्या कपाटात असतील. पण त्यातून एवढेच दिसते की टार्गेटचा दाब माणसाला खोटे बोलायला लावतो. ज्याला पगाराचा आधारच नाही त्याच्यावर तो दाब किती असेल?

कंपनीचा बचाव ठरलेला असतो: ‘हे आमचे नोकर नाहीत, स्वतंत्र व्यावसायिक आहेत.’ तसे करारावर छापलेले असते आणि खाली पोराची सही असते. पण सहीने नाते ठरत नाही, हे आपल्याकडे फार आधी ठरले आहे. कच्छच्या रणाजवळ ध्रांगध्राच्या मिठागरांवर काम करणाऱ्या अगरियांना मणावर पैसे मिळत, वेळेचे बंधन नव्हते, मदतीला माणसे ते स्वतः घेत. तरीही ते कामगारच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली म्हटले, कारण मीठ कसे पिकवायचे यावर देखरेख कंपनीची होती. शिंप्यांना नगावर पैसे मिळत आणि काहींना कपडा घरी नेऊन शिवायची मुभाही होती, तरी ते दुकानाचे कर्मचारी ठरले, तेही १९७३ साली. नऊच्या मीटिंगला उशीर झाला म्हणून ज्याला बाहेर ठेवतात तो या अगरियांपेक्षा अधिक स्वतंत्र कसा, हे कोणी समजावून सांगावे.

विक्रीच्या क्षेत्राला मात्र कायद्याने बराच काळ तळ्यात-मळ्यात ठेवले. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी लढून १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा कायदा मिळवला. त्यात नेमणूकपत्र सक्तीचे होते आणि व्याख्येत ‘कोणत्याही नावाने ओळखली जाणारी व्यक्ती’ असे शब्द होते. पण तो ठरावीक उद्योगांपुरता होता. १९९४ साली सँडोझ कंपनीच्या खटल्यात घटनापीठाने वैद्यकीय प्रतिनिधी हे औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार नाहीत असा निर्णय दिला. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी विक्री संवर्धन कर्मचाऱ्याला कामगाराच्या व्याख्येत घेतले, हे चांगले झाले. वेतन संहितेत मात्र एक गंमत आहे. वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळले आहे. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या तर वरचा भाग वेतन धरायचा, अशी पुरवणी आहे. म्हणजे सारी कमाई कमिशनचीच असेल तर तिचा निम्मा भाग वेतन ठरायला हवा. पण कर्मचारी म्हणजे ‘वेतनावर नेमलेला’, असेही तीच संहिता म्हणते, आणि कंपनीचा वकील नेमके तेच वाक्य पुढे करणार. डायरेक्ट सेलिंगचे २०२१ चे नियम तर विक्रेत्याला कंपनीच्या बरोबरीचा स्वतंत्र व्यावसायिकच धरतात आणि ओळखपत्राशिवाय, आधी वेळ वा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नको असे त्याला बजावतात. ग्राहकाच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. पण या चौकटीत बसणाऱ्या कंपनीने त्याला साठ अनोळखी बेला वाजवायला पाठवले, तर प्रत्येक बेलेला नियम मोडतो तो तोच.

कमिशनमुळे हुशार माणूस पगारापेक्षा जास्त कमावतो, किमान वेतन दिले तर आळशी माणसे पोसावी लागतील, असे यावर म्हटले जाते. किमान वेतन हा तळ आहे, छत नव्हे. त्यावर कितीही कमिशन द्यायला कोणाची ना नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच नगावर काम करणाऱ्यालाही तासांच्या हिशेबाने किमान रक्कम मिळावी म्हणून हमी दराची तरतूद होती. आयुर्विम्याच्या एजंटाचे उदाहरणही नेहमी येते, आणि ते विचार करण्यासारखे आहे. तोही कमिशनवरच जगतो. पण हप्ता भरला जाईल तोवर त्याला दरवर्षी नूतनीकरणाचे कमिशन येते, एलआयसीच्या एजंटाला ग्रॅच्युइटी आहे (तिची मर्यादा २०२३ साली तीन लाखांवरून पाच लाख झाली), आणि कोणाला कधी भेटायचे हे तो ठरवतो. जोखीम त्याची, तसा त्याचा दिवसही त्याचाच. तास मोजता येत नाहीत ही अडचण एकेकाळी खरी होती. अमेरिकेच्या १९३८ च्या किमान वेतन कायद्याने बाहेर फिरणाऱ्या विक्रेत्यांना वगळले त्यामागे हाही विचार होता. आज मोबाइलवर सकाळची हजेरी सेल्फीने लागते आणि दुपारी ‘लाइव्ह लोकेशन’ मागितले जाते. ज्याच्या प्रत्येक तासाचा पत्ता कंपनीला हवा असतो, त्याचे तास मोजता येत नाहीत हे कसे मानायचे? उरला मुद्दा छोट्या धंद्यांचा: पगार द्यावा लागला तर ते बंद पडतील. काही पडतीलही. ज्या वस्तूच्या किमतीत ती विकणाऱ्याचे दोन वेळचे जेवण बसत नाही, ती आजवर त्याच्या आईबापांच्या पैशावर विकली जात होती, एवढाच त्याचा अर्थ.

आता दाद मागायची ती कुठे आणि कशी? वेतन संहितेखाली थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि देणी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. पण त्याआधीची पायरी, म्हणजे आपण मुळात कर्मचारी होतो हे दाखवणे, विक्रेत्याकडेच येते. त्याच्याजवळ नेमणूकपत्र नसते; असतो तो व्हॉट्सअॅप ग्रुप, त्यात रोजची हजेरी, एरियाची वाटणी आणि लीडरचा दम. काम सोडले की ग्रुपमधून काढतात, म्हणून ते संदेश आणि लोकेशनचे स्क्रीनशॉट आधीच दुसरीकडे साठवून ठेवावेत. कायद्यात करायचा बदलही याच ठिकाणी हवा: जी कंपनी हजेरी घेते, एरिया आणि किंमत ठरवते, तिच्यासाठी फिरणारा माणूस कर्मचारीच धरावा, आणि तो स्वतंत्र व्यावसायिक आहे हे सिद्ध करायला कंपनीला लावावे.